या नावाचा इथं कोणी राहत नाही

मी पश्चिम जर्मनीला गेलेलो नाही. गेलेले लोक पुष्कळ आहेत आणि ते संधी मिळेल तिथे आपल्या आठवणी सांगतात. मग न गेलेल्यानेच का गप्प बसावं? शिवाय मी ज्या पद्धतशीरपणे, जितक्या माणसांच्या मनापासूनच्या मदतीने गेलो नाही, तितक्या पद्धतशीरपणे आमच्या कॉलेजातून कोणी गेलंही नसेल.

काळ संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. वडील लालबागच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या यंत्रावर, होते आणि आम्ही तिघं, आई, बाबा नि मी, काळाचौकीच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहत होतो. शाळा मी गावी, कणकवलीच्या पलीकडे केली. (तिथले मास्तर इंग्रजी फार शुद्ध शिकवत, फक्त ते बोलून दाखवत नसत.) घरात मॅट्रिक झालेला मी पहिलाच. त्यामुळे मी काहीही बोललो तरी ते शिकलेल्या माणसाचं बोलणं, म्हणून आईबाबाच नव्हे तर सगळी चाळ ते मनावर घ्यायची. पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ इथे आहे.

त्या वर्षी कॉलेजच्या सूचनाफलकावर एक कागद लागला. पश्चिम जर्मनीत बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम. सकाळी तिथल्या तंत्रशाळेत वर्ग, दुपारी कापडगिरणीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात काम. जाण्यायेण्यासकट सगळा खर्च त्यांचा. आमच्या कॉलेजला एकच जागा होती. करमरकर सरांनी ती मला दिली. सर मूळचे पुण्याचे, जपून बोलणारे. "परब, तुमच्यापेक्षा हुशार मुलं वर्गात आहेत," ते म्हणाले, "पण साचा पाहून ज्याच्या चेहऱ्यावर काही उमटतं, असे तुम्ही एकटेच आहात." सरांचे उपकार मी जन्मात विसरलो नाही. वाक्याचा पहिला भागही विसरलो नाही.

घरी सांगितलं तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली आणि जहाजात पाय पडेपर्यंत कोणाजवळ बोलायचं नाही, दृष्ट लागते, असं बजावलं. बाबांनी मात्र वेगळंच काम काढलं. त्यांच्या खात्यात काही वर्षांपूर्वी नवे जर्मन साचे आले होते. साचा चालू-बंद करायचा दांडा त्यात फार उंचावर होता. दिवसातून शंभरदा हात वर करून बाबांचा उजवा खांदा कामातून गेला होता. झोपेतसुद्धा ते कुशीवर वळताना कण्हत.

त्यांनी गिरणीतलं जाड सूत आणलं, एक टोक पायाखाली धरलं, दुसरं खांद्याच्या जरा खाली आणलं आणि तिथे गाठ मारली.

"हे त्यांना दाखव," बाबा म्हणाले. "सांग, काळाचौकीचा माणूस एवढाच असतो. दांडा इथं पाहिजे."

मी सूत गुंडाळून वहीत ठेवलं. तेव्हापासून मला जर्मनीला जायचंच होतं. अभ्यासक्रमासाठी नव्हे, त्या गाठीसाठी.

आता थोडं मागे जायला हवं, कारण माझ्या कर्तृत्वाला सुरुवात त्याआधीच झाली होती.

चळवळीत गोळीबार झाल्यावर धरपकड सुरू होती. साध्या कपड्यातले पोलीस चाळीचाळीतून फिरत. आमच्या चाळीतली दोन मुलं त्यांनी उचलली होती, आणि तीही फार लाजिरवाण्या पद्धतीने. छत्रीवाला एक गृहस्थ आला, त्याने खाली बसलेल्या एका आजोबांना नाव विचारलं. आजोबांनी नुसती खोली सांगितली नाही, हाताला धरून त्याला वर नेलं, पोरगा झोपलाय म्हणून त्याला उठवलं आणि पाहुण्याला चहा पाजला! आमच्या कोकणी माणसाला अनोळखी माणूस दारात आला की त्याला माहिती न देणं म्हणजे उपाशी परत पाठवल्यासारखं वाटतं.

त्या संध्याकाळी चाळ कमिटीचे सेक्रेटरी तात्या गावकर माझ्याकडे आले. तात्या गिरणीत फिटर, चळवळीत पुरते बुडालेले, दोनदा आत जाऊन आलेले. ते म्हणाले, "शांताराम, तू शिकलेला. ह्या लोकांनी काय बोलायचं ते लिहून काढ."

मी चळवळीत तसा कुठेच नव्हतो. एका मोर्च्याला गेलो होतो, तिथून एक चप्पल घेऊन परत आलो होतो. परीक्षेचं वर्ष होतं आणि घरात शिकणारा मी एकटा. चळवळीत नसल्याची मनात लाज होतीच. तेव्हा लिहायचं काम आलं म्हटल्यावर मी सगळी लाज एका पुठ्ठ्यावर ओतली. सात नियम केले. कोणाचंही नाव विचारलं तरी ‘या नावाचा इथं कोणी राहत नाही’ एवढंच सांगावं, हा पहिला. कागद दाखवल्यास वाचता येत नाही म्हणावं (वाचता येणाऱ्यांनीही), हा दुसरा. तिसऱ्यात आई, बाप, बायको यांनीसुद्धा ओळख दाखवू नये असं होतं. चौथा माझा स्वतःचा आवडता: नोकरी, मनीऑर्डर, बक्षीस अशी काही बातमी आणली तर दुप्पट सावध व्हावं, बातमी जितकी गोड, तितका माणूस पोलीस. उरलेले तीन नियम चहा, पाणी आणि खुर्ची यांबद्दल होते.

पुठ्ठा तात्यांच्या दाराच्या आतल्या बाजूला, शर्टांच्या मागे टांगला. पण नुसते नियम लिहून थांबलो तर मी इंजिनिअर कसला? मी चाचणी सुरू केली. बाबांचा लग्नातला काळा कोट घालायचो, छत्री घ्यायचो आणि दुपारी, बायका घरात असताना, खोल्याखोल्यांतून पोलीस होऊन फिरायचो. एका काळ्या वहीत दहापैकी गुण मांडायचो. चाळ चांगली तयार होत होती. सगळ्यांत कच्ची होती ती माझी आई.

पहिल्या खेपेला मी दार वाजवून घोगऱ्या आवाजात विचारलं, "शांताराम परब इथंच राहतो का?"

"माझोच झील तो," आई म्हणाली. "कॉलेजात गेलो हा. बसा, येतलो आता."

शून्य. दुसऱ्या खेपेला तिने ओळख दाखवली नाही, पण चहा विचारला, दोन गुण. तिसऱ्या खेपेला सगळं बरोबर बोलली आणि मी वळलो तेव्हा मागून म्हणाली, "कोट नीट टांगून ठेव, बाबांचो हा." तीन गुण. मी चिडलो. तुझ्या एका शब्दाने उद्या कोणाचा तरी मुलगा तुरुंगात जाईल, असं मी तिला चार बायकांसमोर सुनावलं. तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "माका झील नाय, असा म्हणाक जीभच वळणा नाय रे."

मी सांगितलं, "वळव."

पुढे महिन्याभराने जर्मनीचं ठरलं. पासपोर्टचा फॉर्म सरांच्या मदतीने भरला. त्यात शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं की अर्जदाराची चौकशी करण्यात येईल. फॉर्म मी तीनदा वाचला होता आणि माझी पक्की समजूत झाली होती की चौकशी म्हणजे ते सरांना पत्र लिहून विचारतील, मुलगा कसा आहे? सर लिहितील, ठीक आहे. शिकलेल्या माणसांच्या कामात शिकलेल्या माणसांनाच विचारतात, असं मला वाटायचं.

एका संध्याकाळी घरी आलो तर आई दारातच उभी. चेहरा असा, की जणू दहावीस वर्षांनी माहेरचं कोणी भेटलंय.

"आज एक इल्लो हुतो," ती म्हणाली. "छत्रीवालो. मी पास झालंय."

मला भरून आलं. कसं कसं झालं ते मी विचारलं. तिने सगळं सांगितलं: उभाच ठेवला, पाणी दिलं नाही, कागद काढला तर अक्षर कळत नाही म्हटलं. मग तो शेजारी गेला, तर तिथेही तेच उत्तर. तिसऱ्या मजल्यावरही तेच. खाली त्याच आजोबांनी तर ‘ह्या चाळीत परब नावाचं कुटुंबच नाही’ इथपर्यंत मजल मारली. मी तिथल्या तिथे काळी वही काढली आणि आईच्या नावापुढे दहापैकी दहा लिहिले. मग पेनाला टोपण लावता लावता सहज विचारलं, "कोणाला शोधत होता?"

"तुका."

मी म्हटलं, मला? कशाला?

"तुझ्या परदेशाच्या कागदांचा बोलत हुतो. मुलगा जर्मनीक जातलो ना, म्हणान विचारी. म्हणजे बघ, केदी गोड बातमी! मी म्हटलंय, माका झीलच नाय. दोनदा म्हटलंय."

इथे कुठल्याही बऱ्या डोक्याच्या माणसाला उलगडा झाला असता. मी मात्र नियम लिहिणारा. मी घाबरलो ते वेगळ्याच कारणाने: पोलीस मला पकडायला आलेत! आणि आमिष तरी केवढं अचूक शोधलंय! चौथा नियम मी लिहिला तेव्हा तो इतका खरा असेल असं मलाही वाटलं नव्हतं. (आणि एका अर्थी आई चुकलीच नव्हती. बातमी गोड होती आणि माणूस पोलीसच होता.)

तात्यांनी विचार करून सांगितलं, काही दिवस नाहीसा हो. म्हणून मी वरळीच्या बीडीडी चाळीत मावशीकडे जाऊन लपलो. तिसऱ्या मजल्यावर भूमिगत! मावशीने भाचा भूमिगत आहे ही गोष्ट इतकी गुप्त ठेवली, की तिसऱ्या दिवसापासून इमारतीतली माणसं मला बघायला येऊ लागली. एकाने मुलाला माझ्या पाया पडायला लावलं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, हेही कबूल करून टाकतो. त्या चार दिवसांत मला प्रथमच चळवळीत असल्यासारखं वाटलं.

पाचव्या दिवशी राहवेना, म्हणून कॉलेजात गेलो. करमरकर सर माझीच वाट बघत होते. त्यांच्या टेबलावर पासपोर्ट ऑफिसचं पत्र होतं.

"परब," ते म्हणाले, "तुम्ही नक्की कुठे राहता?"

पोलिसांचा अहवाल आला होता. दिलेल्या पत्त्यावर या नावाची व्यक्ती राहत नाही, पूर्वीही राहत नव्हती. शेजाऱ्यांकडे सखोल विचारपूस केली. एका वयस्क बाईने आपल्याला मुलगा नसल्याचं दोनदा सांगितलं. सर ते वाचत होते आणि मला शब्द न् शब्द ओळखीचा वाटत होता. लेखकाला आपलं लिखाण छापून आलेलं बघताना कसं वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

जहाज सुटायला तेरा दिवस होते. आठ दिवसांत पासपोर्ट हातात नसला तर जागा राखीव यादीतल्या मुलाला. तो गिरगावातला, वकिलाचा मुलगा, स्वभावाने चांगला. त्याचा पासपोर्ट घरात आधीच तयार होता. त्यांच्या घरात तो लोणच्यासारखा भरून ठेवलेला असे. सर स्वतः माझ्याबरोबर पोलीस कचेरीत आले. आपल्या प्राध्यापकाने खुर्चीच्या कडेवर बसून ‘हा मुलगा अस्तित्वात आहे’ असं कोणाला पटवून द्यावं, याहून मोठी गुरुकृपा नाही. साहेब हसले आणि पुन्हा एकदा माणूस पाठवतो म्हणाले.

मी घरी येऊन चाळ गोळा केली. आता सगळं उलट करायचं, असं सांगितलं. येईल तो आपलाच माणूस समजा. विचारील ते सांगा. लपवू नका.

"म्हणजे खरं सांगायचं?" तात्यांनी विचारलं. "पोलिसाला?"

मी म्हटलं, हो. माझ्या जर्मनीचा प्रश्न आहे. चाळीने ते नेहमीप्रमाणे मनावर घेतलं.

चौथ्या दिवशी तो आला. तोच, छत्रीवाला. मी कोट घालून खुर्चीवर बसलो होतो. आईने दाराबाहेरच त्याला गाठलं. तो वयाने बाबांएवढा, शांत, थकलेला माणूस होता. तो तिला म्हणाला, "काय बाई, आता आहे ना मुलगा?"

"आसा," आई म्हणाली. "एकच आसा."

त्याने मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. इथेच तो गेला असता तर आज मी तुम्हाला वेगळ्या आठवणी सांगत असतो. पण त्याला नियमाप्रमाणे शेजाऱ्यांना वागणुकीबद्दल विचारायचं होतं, आणि शेजारी जिन्यापर्यंत रांग लावून उभे होते.

पहिल्याने सांगितलं, असं पोरगं सगळ्या गिरणगावात नाही. दुसऱ्याला ते कमी वाटलं. तो म्हणाला, भीती म्हणून ठाऊक नाही ह्याला. मी पुढे होऊन भीती मला चांगली ठाऊक आहे असं सांगू लागलो, तर सगळे म्हणाले, बघा, विनय किती! मग तात्या पुढे आले. चाळीतल्या मुलाला परदेशी पाठवायचं आणि त्याच्या नावावर एकही मोर्चा नसावा, हे त्यांना सहन होईना.

"मोर्च्यात पुढे असायचा," तात्या म्हणाले. "चप्पल गेली तरी मागे हटला नाही."

छत्रीवाल्याने विचारलं, "नक्की हाच ना? मागच्या वेळी तुम्ही सगळेच म्हणालात की असा कोणी नाही."

हा प्रश्न तात्यांना लागला. त्यांच्या शब्दावर संशय! त्यांनी पोलिसाचा हात धरला, त्याला आपल्या खोलीत नेलं, दार लोटलं, शर्ट बाजूला सारले.

"पुरावाच बघा. हे त्याचंच अक्षर. आम्हाला सगळं शिकवलं ते यानंच."

पोलिसाने खिशातून चष्मा काढला. पुठ्ठा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. घाई केली नाही. चौथ्या नियमाशी थांबला, मागे वळून आईकडे बघितलं, पुन्हा वाचायला लागला. खुर्चीचा सातवा नियम संपला तेव्हा पाठीमागे कोणीतरी त्याच्यासाठी खुर्ची आणून ठेवली होती. तो तिच्यावर बसला, आईने दिलेला चहा प्यायला आणि मला एवढंच म्हणाला, "अक्षर चांगलं आहे."

दुसरा अहवाल आला. त्यात मी होतो. भरपूर होतो. पोलिसांच्या कामात अडथळा आणण्याचं पद्धतशीर शिक्षण देणारा, असं त्यात माझ्याविषयी लिहिलं होतं. मला अटक झाली नाही. तेवढ्या मोलाचा मी नव्हतो. ‘अधिक चौकशी चालू’ असा शिक्का बसला आणि ती अधिक चौकशी जहाज सुटेपर्यंत आरामात चालू राहिली. सरांनी मला दोष दिला नाही. नुसतं विचारलं, "सातही नियम तुम्ही एकट्यानं केलेत?" मी हो म्हटलं. "हं," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला कधी कुठली जागा दिली नाही.

गिरगावचा मुलगा गेला. बॅलार्ड पिअरवर जाऊन मी त्याला बाबांचं सूत दिलं आणि गाठीचं समजावून सांगितलं. त्याने मनापासून ऐकलं. अभ्यासक्रम संपवून तो परत आला, कॉलेजात त्याचं भाषण झालं, आणि आभार मानायला दुसऱ्या एका प्राध्यापकांनी मला उभं केलं. मी चांगले मानले. नंतर जिन्यात त्याला गाठून सुताचं विचारलं. त्याने कपाळावर हात मारला. ट्रंक बांधायला दोरी कमी पडली, तेव्हा बहुतेक ते वापरलं म्हणाला.

बाबांना मी सांगितलं, त्याने सूत दाखवलं, ते लोक विचार करतायत. बाबांनी मान हलवली. निवृत्त होईपर्यंत ते अधूनमधून विचारत, "काही कळवलं का रे त्यांनी?"

पुढे महाराष्ट्र झाला. चाळीला रोषणाई झाली, तात्या रडले, मी मजल्यामजल्यावर पेढे वाटले. लोकांनी चळवळीला प्राण दिले, तुरुंग भोगले. मी पश्चिम जर्मनी दिली, आणि तीही चुकून. मुंबई मिळाली याचा आनंद मला खरंच झाला. एका दृष्टीने बरंच झालं. मला मुंबईतच राहायचं होतं.

आईने त्यानंतर एक सवय लावून घेतली. दारात कोणीही येवो, मीठवाला, मीटरवाला, चुकून मजला चुकलेला, त्याने तोंड उघडण्याआधीच ती सांगायची, "शांताराम माझो झील. हयच रवता." मी हसायचो. ती हसत नसे.

मी तंत्रशाळेत मास्तर झालो. तीस वर्षं मुलांना यंत्रं शिकवली. निकाल कधी चाळीस टक्के, कधी पन्नास. साठच्या वर गेल्याचं आठवत नाही. माझं शिकवणं अक्षरशः पाळणारा वर्ग मला उभ्या आयुष्यात एकदाच मिळाला, आणि तो काळाचौकीला होता. ती काळी वही परवा कपाट आवरताना सापडली. आईच्या नावापुढे शून्य, दोन, तीन आणि शेवटी दहापैकी दहा. पुढे माझ्याच चांगल्या अक्षरात शेरा आहे: ‘उत्तम. अशीच प्रगती चालू ठेवावी.’